डॅग हॅमरशोल्ड यांचे चरित्र व काँगोची शांतिसेना

एकाच भावकीतील दोन घरांत बांधावरून काठ्या निघाल्या असता मध्ये जाऊन उभा राहणारा मनुष्य पुष्कळदा दोहोंकडचा मार खातो, हे आमच्या गावकरी वाचकांस सांगावयास नको. त्यातून जर त्या मनुष्यास आधीच बजावून ठेविले असेल की, त्याने हातात काठी धरावी पण उगारू नये, न्याय कोणाचा हे बोलू नये, आणि तरीही तंटा थांबविल्यावाचून परत येऊ नये, तर त्याची स्थिती काय होईल? इ. स. १९६० साली आफ्रिका खंडातील काँगो देशात हजारो शिपायांची अशीच स्थिती झाली, आणि ज्या गृहस्थाने त्यांस तेथे पाठविले त्यास त्या कामी आपला प्राण द्यावा लागला. तो गृहस्थ म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाचे दुसरे सरचिटणीस डॅग हॅमरशोल्ड होत.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडन देशातील योनशोपिंग या गावी झाला. चार भावांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी व सरकारी चाकरी करणारे. आईच्या माहेरी पाळक व पंडित पुष्कळ. वडील हियाल्मार हे पहिल्या महायुद्धात, १९१४ पासून १९१७ पर्यंत, स्वीडनचे मुख्य प्रधान होते. युद्धात कोणाच्याही बाजूस जावयाचे नाही हा त्यांचा निश्चय होता. परंतु देशात अन्नाची टंचाई झाली तेव्हा लोकांनी त्यांसच दोष दिला व त्यांस पद सोडावे लागले. तटस्थ राहणाऱ्याच्या पदरी काय पडते हे मुलाने घरातच पाहिले. वडील उप्साला प्रांताचे सुभेदारही होते, आणि डॅग यांचे बाळपण तेथील जुन्या किल्ल्यात गेले. ख्रिस्ती मंडळ्यांच्या ऐक्यासाठी झटणारे व १९३० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविलेले लूथरन आर्चबिशप नाथान सोडरब्लोम यांचे घर जवळच होते, आणि दोन्ही घरांचा मोठा घरोबा होता.

विद्यार्थिदशा व सरकारी नोकरी यांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. अर्थशास्त्रात त्यांनी डॉक्टरची पदवी घेतली, ३१ व्या वर्षी ते अर्थखात्याचे मुख्य चिटणीस झाले, पुढे राष्ट्रीय बँकेच्या मंडळाचे अध्यक्ष व नंतर परराष्ट्रखात्यात मंत्री झाले. लग्न त्यांनी केले नाही. कोणत्याही राजकीय पक्षाचे सभासदत्व घेतले नाही. रात्री उशिरापर्यंत दप्तरे वाचावी, सुटीत उत्तरेकडील डोंगरांत पायी हिंडावे, असा त्यांचा क्रम होता.

१९५३ साली एप्रिल महिन्यात राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसपदी त्यांची निवड झाली, तेव्हा मोठ्या राष्ट्रांस वाटले की हा एक हिशेबी, अबोल कारकून आपणांस मिळाला. ती समजूत फार दिवस टिकली नाही. कोरियाच्या युद्धात धरले गेलेले अमेरिकन वैमानिक चीनमध्ये कैदेत होते. त्यांच्या सुटकेकरिता हे १९५५ च्या आरंभी स्वतः पेकिंगला गेले, चौ एन लाय यांच्याशी बोलले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते कैदी सुटले. पुढील वर्षी सुवेझ कालव्यावरून इंग्रज, फ्रेंच व इस्राएली सैन्ये इजिप्तवर चालून गेली. कॅनडाचे मंत्री लेस्टर पिअर्सन यांच्या सूचनेवरून तेथे अनेक राष्ट्रांच्या शिपायांची एक नवीच सेना पाठवावी असे ठरले, आणि ती उभी करण्याचे काम हॅमरशोल्ड यांनी काही दिवसांत केले. दुरून ओळखू यावे म्हणून शिपायांच्या शिरस्त्राणांस फिकट निळा रंग फासला. भारतीय पलटणीही त्यांत होत्या. ही पहिली सशस्त्र शांतिसेना होय. तेथे लढणारी राष्ट्रे मागे हटण्यास तयार होती, दोन सैन्यांच्या मध्ये एक रेषा होती, आणि त्या रेषेवर उभे राहावयाचे होते. काँगोत अशी रेषाच नव्हती.

काँगो हा देश फार मोठा. भारताच्या सुमारे दोनतृतीयांश इतका. १८८५ पासून तो बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी दौलत होती. रबर कमी भरले म्हणून तेथील गरिबांचे हात तोडले जात. ही गोष्ट जगापुढे आणण्यात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा मोठा हात होता. १९०४ साली अॅलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी एका बापाचे छायाचित्र घेतले; त्याच्यापुढे त्याच्या लहान मुलीचा तुटलेला हात व पाय पडलेले होते. असा पुरावा युरोपात फिरला व मोठी चळवळ झाली, तेव्हा १९०८ साली राजाकडून तो मुलूख काढून घेऊन बेल्जियम सरकारच्या ताब्यात देण्यात आला. हात तोडणे बंद झाले, पण लोकांस राज्यकारभार कोणी शिकविला नाही. ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला त्या दिवशी सुमारे दीड कोटी लोकांत कॉलेजची पदवी घेतलेले काँगोली लोक वीस-तीसांहून अधिक नव्हते, आणि पंचवीस हजारांच्या फौजेत एकही काँगोली अंमलदार नव्हता.

पाच दिवसांनी फौजेने बंड केले. बेल्जियन सेनापतीने शिपायांस जमवून, स्वातंत्र्याने तुमच्या स्थितीत काही फरक पडणार नाही अशा अर्थाची अक्षरे फळ्यावर लिहून दाखविली होती. त्याने आगीत तेलच पडले. गोऱ्या लोकांवर हल्ले झाले, डॉक्टर, इंजिनियर, तारमास्तर पळाले, आणि बेल्जियमने नव्या सरकारास न विचारता आपले सैन्य उतरविले. ११ जुलै रोजी तांब्याच्या खाणींनी श्रीमंत असलेल्या कटांगा प्रांताने, मोइज चोंबे यांच्या पुढारीपणाखाली, आपण वेगळे झाल्याचे जाहीर केले. खाणींच्या बेल्जियन कंपनीचे पाठबळ चोंबे यांस होते.

चोंबे हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या शाळेत शिकलेले. मुख्य प्रधान पात्रिस लुमुंबा हेही प्रॉटेस्टंट व कॅथलिक अशा दोन्ही मिशनांच्या शाळांतून शिकलेले, आणि राष्ट्राध्यक्ष कासावुबू यांनी तर कॅथलिक पुरोहित होण्याकरिता काही वर्षे अभ्यास केला होता. या तिघांनी पुढे एकमेकांचे काय केले हे वाचताना मिशनशाळेत मुले शिकविणाऱ्या आमच्या बंधूंस थोडे थांबावेसे वाटेल.

कासावुबू व लुमुंबा यांनी राष्ट्रसंघास तार करून सैन्य मागितले. संघाच्या सनदेतील ९९ व्या कलमाने सरचिटणीसास स्वतः होऊन सुरक्षा समिती बोलाविण्याचा अधिकार दिला आहे. लष्करी साह्याच्या प्रश्नावर असा अधिकार हॅमरशोल्ड यांनीच प्रथम उघडपणे वापरला. १३ जुलैच्या रात्री समिती बसली, पहाटेपूर्वी ठराव झाला, आणि १५ तारखेस पहिले शिपाई लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचे किन्शासा, येथे उतरले. ट्युनिशिया, घाना, मोरोक्को, इथिओपिया, आयर्लंड, स्वीडन अशा देशांतून माणसे आली. आयर्लंडचे शिपाई त्या उष्ण देशात जाडजूड लोकरीचे गणवेश घालून उतरले. भारताने लष्करी दवाखाना, डॉक्टर व विमानदळाची माणसे पाठविली. सेना ऐन भरात आली तेव्हा तिची संख्या जवळजवळ वीस हजार झाली.

आता या सेनेस दिलेले हुकूम पाहा. स्वसंरक्षणावाचून गोळी झाडावयाची नाही. देशातील आपसांतल्या भांडणात कोणाचा पक्ष घ्यावयाचा नाही. ज्या सरकारने बोलाविले त्याच्या संमतीने राहावयाचे. कागदावर हे तिन्ही हुकूम शहाणपणाचेच दिसतात, आणि हॅमरशोल्ड यांनी ते मोठ्या विचाराने घातले होते. परक्या सैन्याने एखाद्या दुबळ्या देशात पक्ष घेतला की शांतिसेना जाऊन नवी स्वारी उरते, हे ते जाणत होते. पण लुमुंबा यांची समजूत निराळी होती. हे सैन्य आपण बोलाविले, तेव्हा त्याने कटांगावर चालून जाऊन बंड मोडावे, असे त्यांचे म्हणणे. ऑगस्टमध्ये हॅमरशोल्ड स्वीडिश शिपाई बरोबर घेऊन स्वतः कटांगात उतरले, चोंबे यांच्याशी बोलले, व बेल्जियन सैन्याच्या जागी निळ्या टोपीवाले बसविले. परंतु कटांगा वेगळेच राहिले. लुमुंबा संतापले. त्यांनी रशियाकडून विमाने व मोटारी घेतल्या आणि आपली फौज कासाई प्रांतात धाडली. तिने तेथील बालुबा लोकांची कत्तल केली. शांतिसेना त्याच देशात होती, पण कत्तल थांबविण्याचा हुकूम तिला नव्हता. हॅमरशोल्ड या वार्तेने फार हादरले.

सप्टेंबरच्या ५ तारखेस राष्ट्राध्यक्षांनी मुख्य प्रधानास काढले, आणि त्याच रात्री मुख्य प्रधानांनी राष्ट्राध्यक्षास काढले. मग सरकार कोणते? राष्ट्रसंघाच्या तेथील अमेरिकन प्रतिनिधीने दंगल टळावी म्हणून विमानतळ व रेडिओ-केंद्र बंद केले. हेतू काहीही असो, त्याचा तोटा लुमुंबा यांसच झाला. कासावुबू यांना नदीपलीकडच्या शेजारी राज्याचा रेडिओ मोकळा होता. कोणाचाही पक्ष न घेण्यासाठी केलेली गोष्ट एकाच्या पारड्यात जाऊन पडली. थोड्याच दिवसांत कर्नल मोबुटू यांनी फौजेच्या बळावर दोघांसही बाजूस सारले.

त्याच सुमारास हॅमरशोल्ड यांचे नवे प्रतिनिधी म्हणून भारताचे राजेश्वर दयाळ काँगोत आले. लुमुंबा यांच्या घराभोवती शांतिसेनेचा पहारा बसला, आणि त्या पहाऱ्याबाहेर त्यांस धरण्याकरिता मोबुटू यांच्या शिपायांचा दुसरा. घरात असेपर्यंत रक्षण, बाहेर पडल्यास जबाबदारी नाही, असा नियम होता. २७ नोव्हेंबरच्या रात्री लुमुंबा मोटारीतून निसटले. वाटेत कासाईत त्यांस पकडले. घानाचे निळ्या टोपीचे शिपाई तेथे जवळ होते. वरून हुकूम मध्ये न पडण्याचा होता, म्हणून ते पाहत राहिले. १७ जानेवारी १९६१ रोजी लुमुंबा व त्यांचे दोन सोबती यांस बांधून, मारीत मारीत, विमानाने कटांगात नेले. तेथील विमानतळावर स्वीडनच्या पहारेकऱ्यांनी त्यांस उतरविताना पाहिले. त्याच रात्री तिघांस गोळ्या घातल्या. लुमुंबा यांचे वय अवघे ३५ वर्षांचे होते. या खुनात बेल्जियमवर नैतिक जबाबदारी येते असे त्याच देशाच्या पार्लमेंटच्या चौकशीने २००१ साली ठरविले व पुढे सरकारने क्षमा मागितली. २०२२ साली त्यांचा एक दात, जो एका बेल्जियन पोलिसाने ठेवून घेतला होता, मुलाबाळांस परत देण्यात आला.

हॅमरशोल्ड यांजवर याचा दोष येतो काय? त्यांचे चाहते म्हणतात की हुकूम सुरक्षा समितीचा होता, आणि तिच्यातील मोठी राष्ट्रे एकमेकांशी भांडत असल्याने ती स्पष्ट आज्ञा देत नव्हती. हे खरे आहे. तरी मनुष्य डोळ्यांदेखत मारावयास नेला जात असता, हा आपल्या नियमात बसत नाही असे म्हणून उभे राहणे हे निःपक्षपातीपण नव्हे, असे आम्हांस वाटते. हॅमरशोल्ड यांस लुमुंबा आवडत नव्हते हेही लपविण्याजोगे नाही. चरित्र लिहिताना नायकाचा हा भाग गाळणे बरे नाही.

इकडे रशियाचे मुख्य प्रधान ख्रुश्चेव्ह यांनी आधीच, १९६० च्या शरद् ऋतूत, आमसभेत त्यांजवर तोफ डागली होती. हा मनुष्य वसाहतवाल्यांचा चाकर आहे, याने जावे, आणि त्या जागी तीन गटांचे तीन सरचिटणीस बसवावे, अशी मागणी केली. ३ ऑक्टोबरला हॅमरशोल्ड यांनी उत्तर दिले. राजीनामा देणे सोपे आहे, राहणे कठीण. परंतु या संस्थेची गरज बलाढ्यांस नसून बाकीच्या लहान राष्ट्रांस आहे, आणि त्यांची इच्छा असेपर्यंत आपण हलणार नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. सभेत बराच वेळ टाळ्यांचा गजर झाला. पण टाळ्यांनी फौजेचा खर्च भागत नाही. रशिया व फ्रान्स यांनी काँगोचा पैसा देण्याचे नाकारले, आणि राष्ट्रसंघावर पुढे कर्जरोखे विकण्याची पाळी आली.

लुमुंबा यांच्या मृत्यूनंतर कित्येक राष्ट्रांनी रागाने आपले शिपाई परत नेले. देशात आता चार ठिकाणी चार सरकारे झाली होती. सुरक्षा समितीने फेब्रुवारी १९६१ मध्ये, आपसांतील युद्ध टाळण्याकरिता अगदी शेवटचा उपाय म्हणून बळ वापरण्यास मुभा दिली. सेना रोडावली असता पंडित नेहरूंनी सुमारे पाच हजारांचे एक भारतीय ब्रिगेड पाठविले. तेच शांतिसेनेचा कणा झाले. कटांगात चोंबे यांजपाशी भाडोत्री गोरे शिपाई होते. त्यांस देशाबाहेर काढण्याचे काम ऑगस्टअखेर बरेचसे रक्तपातावाचून झाले. मग १३ सप्टेंबर रोजी दुसरी चढाई झाली आणि ती फसली. लढाई पेटली, चोंबे निसटले, कटांगाचे एकुलते एक लढाऊ विमान रोज बॉम्ब टाकू लागले, आणि जादोव्हिल येथे आयर्लंडच्या सुमारे दीडशे शिपायांची तुकडी पाच दिवस लढून दारूगोळा व पाणी संपल्यावर शरण गेली. चढाई सुरू झाली त्या वेळी हॅमरशोल्ड काँगोच्या वाटेवर विमानात होते. तिची त्यांस कितपत कल्पना होती याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पण त्यांनी दोष हाताखालच्यांवर ढकलला नाही. स्वतः चोंबे यांस भेटून लढाई थांबवावयाची असे त्यांनी ठरविले.

भेटीची जागा सरहद्दीपलीकडे उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, एन्डोला ही ठरली. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांचे विमान लिओपोल्डव्हिलहून निघाले. कटांगाच्या लढाऊ विमानाच्या भीतीने ते लांबच्या वाटेने व बिनतारी यंत्र बहुतेक बंद ठेवून गेले. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने एन्डोलाच्या विमानतळापासून सुमारे १५ किलोमीटरवर ते जंगलात कोसळले. आत १६ जण होते. पंधरा तेथेच वारले; सोळावा, त्यांचा अंगरक्षक, भाजलेल्या स्थितीत सहा दिवस जगला. अधिकाऱ्यांनी विमान दुसऱ्या दिवशी दुपारी शोधून काढले. हॅमरशोल्ड यांचा देह आगीपासून दूर, एका वारुळाजवळ सापडला.

अपघात की घात? ऱ्होडेशिया सरकारच्या चौकशीने वैमानिकाची चूक ठरविली; राष्ट्रसंघाच्या १९६२ च्या चौकशीने निर्णय मोकळा ठेविला. त्या रानात आपल्याकडील कातकऱ्यांप्रमाणे कोळसे पाडून पोट भरणारे गरीब आफ्रिकी लोक होते. आकाशात दुसरे विमान दिसले, असे त्यांच्यापैकी काहींनी सांगितले. परंतु गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांची साक्ष खऱ्यात धरली नाही. पन्नास वर्षांनी ती साक्ष पुन्हा विचारात घेण्यात आली, आणि राष्ट्रसंघाने नेमलेले टांझानियाचे न्यायमूर्ती ओथमान यांनी २०१७ साली असे कळविले की बाहेरून हल्ला अथवा धमकी हे कारण असणे संभवनीय आहे.

लिओपोल्डव्हिल येथे ज्या घरी ते उतरले होते तेथे थॉमस ए केम्पिस याचे ख्रिस्तानुकरणाचे पुस्तक मागे राहिले होते, आणि त्यात खूण म्हणून त्यांच्या पदाच्या शपथेचा कागद घातलेला होता. उप्साला येथे सरकारी इतमामाने त्यांस आपल्या घराण्याच्या कबरस्थानात पुरले, व त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांस मरणोत्तर देण्यात आले. न्यूयॉर्कच्या घरी एक हस्तलिखित सापडले, ते १९६३ साली छापले गेले. त्यात लहानपणापासून ऐकलेल्या शुभवर्तमानाशी त्यांची कित्येक वर्षे चाललेली झुंज, प्रार्थना व आत्मपरीक्षण आहे. राष्ट्रसंघाच्या राजकारणाचा प्रत्यक्ष उल्लेख नाही. त्यांच्या निकटच्या मित्रांसही या गोष्टीची कल्पना नव्हती.

काँगोतील लढाई त्यांच्या मरणाने थांबली नाही. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे, म्हणजे आजच्या लुबुंबाशीत, गुरखा पलटणीचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी अवघ्या सोळा जवानांनिशी सुमारे नव्वद शत्रूंची नाकेबंदी फोडली व तेथेच देह ठेविला. त्यांस परमवीरचक्र देण्यात आले. जानेवारी १९६३ मध्ये कटांगाचे वेगळेपण संपले, आणि ३० जून १९६४ रोजी शांतिसेना निघून गेली. चार वर्षांत तिची सुमारे अडीचशे माणसे मेली व चाळीस कोटी डॉलर खर्च झाले. पुढच्या वर्षी मोबुटू यांनी सत्ता घेतली, ती १९९७ पर्यंत सोडली नाही. त्यांच्या पतनाच्या वेळच्या व नंतरच्या युद्धांत पुन्हा लाखो लोक मेले, आणि १९९९ साली राष्ट्रसंघास काँगोत दुसरी शांतिसेना पाठवावी लागली. तीतही भारतीय पलटणी होत्या. या वेळी मात्र गरीब रयतेचे रक्षण करण्यासाठी शिपायांनी बळ वापरावे, असे तिच्या आज्ञापत्रात लिहिलेले होते.